वाळलीस गं, वाळलास रे

आमच्या कॉलेजात सगळे तिला सिस्टर म्हणायचे. प्राचार्यही सिस्टर म्हणायचे, माळीही सिस्टर म्हणायचा, आणि ज्यांच्या सोलवटलेल्या गुडघ्यांवर ती आयोडीन ओतायची ती पोरं तर बोंबलतानाही ‘सिस्टर, सिस्टर’ असंच बोंबलायची. तिला ताई म्हणणारा माणूस अख्ख्या आवारात एकच होता. तो मेसचा आचारी, तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला पोरं मामा म्हणायची. नातं नीट लावलं तर मामाची बहीण म्हणजे सगळ्या पोरांची आई झाली पाहिजे, असं मी तिला एकदा चेष्टेत म्हटलं. ती म्हणाली, “नको गं बाई, एक वाढवलाय तेवढा पुरे झाला.”

मी त्याच कॉलेजच्या कार्यालयात टायपिंग करते. आमचं शारीरिक शिक्षणाचं निवासी कॉलेज आहे, म्हणजे इथून शिकून बाहेर पडलेले लोक पुढे शाळाशाळांमधून मुलांना पळवतात. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे सिस्टरचा दवाखाना होता. एक लोखंडी खाट, वजनकाटा, औषधांचं कपाट आणि दारावर तिने स्वतः लिहिलेली पाटी: ‘दार हाताने उघडते, लाथेने नाही.’ राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ताप आला म्हणून सुट्टी मागायला येणाऱ्या पोराला ती आधी थर्मामीटर लावायची आणि मग थर्मामीटर बघून जे काही बोलायची ते भिंतीतून मला शब्दन् शब्द ऐकू यायचं. माझा दिवस त्यावर मजेत जायचा.

तिची आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता आणि ही नुकती नर्सिंगला लागलेली. बाप होता, पण असून नसल्यासारखा. बोलायचा तेव्हा पोराच्या पोटावरच बोलायचा. पोरगा गुबगुबीत होता. ‘पिंप उठलं’, ‘पिंपाला वाढा’, ‘पिंप जिन्यावरून गडगडेल, सांभाळा.’ हिने भावाला अभ्यासाला बसवलं, आजारपणं काढली, बापाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. लग्नाचं कोणी काढलं की म्हणायची, पदरात मुलगा आहे, कोण करणार माझ्याशी? पुढे कारणं शोधणारी शहाणी माणसं पुष्कळ भेटली आणि त्यांनी हे ‘पिंप’ फार आवडीने लिहून घेतलं. मला ते कधी पटलं नाही. टोमणे खाऊन मोठी झालेली गुबगुबीत पोरं जगात ढिगाने आहेत आणि ती मस्त जेवतात. एखाद्यालाच का लागतं, ते कोणालाही सांगता येत नाही, आणि येतं म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

तर हा पोरगा आचारी झाला, आणि काय हाताला चव होती! मेसचं जेवण म्हटलं की नाक मुरडायचं असा जगाचा नियम. आमच्याकडे बाहेर राहणारे प्राध्यापक मुद्दाम दुपारी मेसमध्ये येऊन बसायचे. तो स्वतः वाढायचा. डाव हातात घेऊन रांगेवरून फिरायचा, “घे रे, पळायचंय तुला, एवढ्याने काय होतंय?” त्याच्या आग्रहापुढे कोणाचं चालायचं नाही. मीठ मात्र तो कधी स्वतः चाखायचा नाही. भांडी घासणाऱ्या मावशींना हाक मारायचा, “मावशी, जरा जिभेला लावून बघा.” तुम्ही जेवलात का विचारलं की ठरलेलं उत्तर, “रांधणाऱ्याचं पोट वासानेच भरतं हो.” आणि भट्टीपुढे, जिथे आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो तर घामाने निथळायचो, तिथे हा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून उभा. पोरं हसायची. तोही हसायचा. लहानपणीचं अंग केव्हाच उतरलं होतं आणि ज्यांनी त्याला तेव्हा पाहिलं होतं ते सगळे त्याचं कौतुक करायचे, की बघा, मनावर घेतलं तर माणूस काय करू शकतो.

मग एका सकाळी पळण्याच्या चाचणीत एक मुलगी ट्रॅकवर कोसळली. उन्हाने, असं आधी सगळे म्हणाले. रुग्णालयाने सांगितलं, ऊन नाही. ही पोरगी कित्येक महिने जवळजवळ उपाशी आहे. मुलगी वाचली, पण संचालक मंडळ हादरलं. बाहेरून एक मानसतज्ज्ञ मॅडम बोलावल्या. त्यांनी एक प्रश्नावली आणली. मुलींनी ती स्वतः भरायची, प्रत्येक प्रश्नापुढे ‘नेहमी’, ‘बऱ्याचदा’, ‘कधीकधी’, ‘कधीच नाही’ यांपैकी एकावर खूण करायची, गुण मोजायचे, आणि जिचे गुण जास्त तिला मॅडमनी बोलावून घ्यायचं. त्याने रोग कळत नाही, मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, फक्त कोणाकडे आधी बघायचं ते कळतं. बाई सरळ होत्या. मला आवडल्या.

प्रश्नावली इंग्रजी होती आणि तिचं सरकारी छापाचं मराठी सोबत जोडलेलं होतं. ‘आपणांस अन्नसेवनोत्तर अपराधभाव जाणवतो काय?’ सिस्टरने ते माझ्या टेबलावर आपटलं. “हे वाचून धडधाकट पोरगीसुद्धा आजारी पडेल! माझ्या पोरी याला काय उत्तर देणार?”

मॅडम म्हणाल्या, “मग तुम्हीच लिहा ना. अर्थ तेवढा राखा, आणि तुमच्या मुलींमधलं काही सुचलं तर तेही घाला. मी तपासून घेईन.”

सिस्टरला कामाला लावायला एवढं पुरे होतं. रविवारी दुपारी मेस रिकामी असायची. मोठी पातेली पालथी घातलेली, फरशी ओली, आणि लांब टेबलाच्या एका टोकाला आम्ही तिघं. सिस्टर वाचायची, मी लिहून घ्यायचे आणि आचारी संध्याकाळची भाजी चिरत ऐकायचा. सगळे प्रश्न ‘तू’ला धरून होते आणि अर्थातच मुलीला विचारल्यासारखे, कारण भरणार मुलीच होत्या.

“भूक लागलेली असतानाही तू जेवण टाळतेस का?” सिस्टरने वाचलं.

“असं नको विचारूस, ताई,” भाजी चिरता चिरता तो म्हणाला. “टाळते असं कोण म्हणेल? जी टाळते तिला वाटतच नाही आपण टाळतोय म्हणून. ती म्हणते, तुम्ही बसा, मी मागून जेवते. असं विचार: ‘मी मागून जेवते असं सांगतेस आणि मग जेवायचं राहूनच जातं, असं होतं का?’”

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी लिहून घेतलं. तो प्रश्न कानाला इतका खरा लागला की आधीचा आम्ही खोडूनच टाकला.

मग त्याला एकेक सुचत गेलं. ‘ताटात अन्न इकडचं तिकडे करत बसतेस का, म्हणजे बघणाऱ्याला खाल्ल्यासारखं वाटेल?’ ‘दुसऱ्यांना आग्रह करून वाढायला आवडतं, पण तुझ्या ताटाकडे कोणी बघितलं तर राग येतो का?’ ‘सगळ्यांना उकडत असताना तुला गार वाजतं का?’ एक तर त्याने सुरी खाली ठेवून, जरा थांबून सांगितला. “असं लिही, ताई. ‘वाळलीस गं, असं कोणी काळजीने म्हटलं, तर तुला आतून बरं वाटतं का?’”

“बरं कसं वाटेल?” मी म्हटलं.

“वाटतं,” तो म्हणाला, “वाटत असेल.”

“सोन्या, तू आचारी कसला, वकील व्हायचास!” सिस्टर खूश झाली होती. “तुला एवढं कसं रे माहिती?”

“रोज वाढतो ना पोरींना. दिसतं.” आणि मग हसून म्हणाला, “पण मला तुमच्या त्या कागदाची गंमत वाटते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ते ठीक. तुम्ही शितालाच विचारताय, बाबा रे, तू शिजलंस का?”

आम्ही तिघंही हसलो. मावशी पातेली लावता लावता थांबून आमच्याकडे बघत होत्या, त्याही हसल्या.

मॅडमना फॉर्म फार आवडला. मूळ प्रश्न, आम्ही खोडलेलासुद्धा, तसेच ठेवून हे नवे त्यांनी शेवटी वेगळे जोडायला सांगितले. वर्गात सगळ्या मुलींनी तो भरला. ज्या अपेक्षित होत्या त्या काही निघाल्या, काही अगदीच भलत्या निघाल्या, आणि एक निघाली ती लांब उडीवाली. दणकट, हसरी, कोणाच्या ध्यानीमनीही नसलेली. तिने फॉर्म दिला नाही, घेऊनच सिस्टरकडे आली आणि खाटेवर बसून रडली. ‘मागून जेवते’ वाचल्यावर आपल्या डोक्यात कोणीतरी डोकावलंय असं वाटलं म्हणाली. तिच्यावर उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी ती मेसमध्ये सगळ्यांबरोबर बसून जेवायला लागली, सावकाश, रडवेली होऊन, पण जेवायला लागली. मामा तिला वाढताना काही आग्रह करायचा नाही. थोडंसंच वाढायचा आणि दुसरीकडे बघायचा.

मग मॅडम म्हणाल्या, आता मुलांनाही द्या. प्राचार्य हसले. मुलांना हे असलं होतं होय? आमची पोरं परातभर खातात! मॅडम म्हणाल्या, होतं, आणि कोणी विचारत नाही म्हणून कळत नाही. प्राचार्य म्हणाले, मग तोच फॉर्म द्या वाटून, काना-वेलांटीला कोण विचारतंय, पोरं समजून घेतील. सिस्टर खवळली. “‘टाळतेस का’ वाचून ती पोरं बायकी आवाज काढून वर्ग डोक्यावर घेतील आणि सगळ्या खुणा ‘कधीच नाही’वर मारून देतील. मी बदलून देते.”

त्या दुपारी ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी पडद्यावर फॉर्म उघडला. काम हमालीचं होतं. ती वाचत जायची, मी बदलत जायचे. सांगतेसचं सांगतोस. बसतेसचं बसतोस. ‘मी मागून जेवतो असं सांगतोस आणि मग जेवायचं राहूनच जातं, असं होतं का?’ इथे तिचा आवाज जरा रेंगाळला. पुढचा वाचला. ‘दुसऱ्यांना आग्रह करून वाढायला आवडतं, पण...’ तो अर्धाच राहिला. मला वाटलं, पडद्यावरची ओळ हरवली. मग ती हळू म्हणाली, “पुढे ते ‘वाळलीस गं’ आहे ना. तिथे ‘वाळलास रे’ कर.”

मी केलं. पडद्यावर ‘वाळलास रे’ उमटलं आणि ती त्याकडे बघत राहिली.

“परवाच मी म्हणाले त्याला,” ती म्हणाली. “अंघोळ करून शर्ट घालत होता. मी म्हटलं, सोन्या, वाळलास रे किती. आणि तो हसला गं. असा हसला, जसं मी बक्षीस दिलं त्याला.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण किती सहज कोणाच्याही तोंडावर मारतो. त्या खुर्चीत बसलेल्या बाईकडे बघून ती आठवली आणि माझीच मला लाज वाटली. सगळे प्रश्न त्याने स्वतःच्या जिवातून काढून दिले होते. शब्द तेवढे मुलीला विचारल्यासारखे होते, आणि म्हणून आम्हा दोघींना तो त्यात दिसला नव्हता.

ती उठून थेट मेसमध्ये गेली. मी मागोमाग गेले. तो धान्याच्या कोठीत होता. तिने दारातच विचारलं, “सोन्या, तू आज काय खाल्लंस?”

“काय झालं ताई?”

“काय खाल्लंस ते सांग.”

“खाल्लं की. मावशींना विचार.”

“मावशींना नाही, तुला विचारतेय! स्वेटर काढ. चल, काट्यावर उभा राहा.”

तो हसला. त्याचं हसणं फार गोड होतं, त्यानेच आमचा घात केला. “तुझ्या फॉर्मने तुलाच वेड लावलं बघ. मी काय मुलगी आहे का? बरं, तुझं समाधान होत असेल तर आण तो फॉर्म. भरून देतो.”

तिने खरंच आणला. माझ्या टेबलावरच्या प्रिंटरमधून नुकताच निघालेला, अजून कोमट असलेला कागद. त्याने पिठाच्या डब्यावर ठेवून शांतपणे भरला. वरपासून खालपर्यंत सगळ्या खुणा ‘कधीच नाही’वर. ज्याने प्रश्न काढले त्याला उत्तरं पाठ असणारच.

सिस्टर तो घेऊन मॅडमकडे गेली. मॅडमनी एकदा बघितला आणि खाली ठेवला. “शून्य कोणाचंच येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचं-माझंसुद्धा येणार नाही. कधीतरी जेवण चुकतंच की माणसाचं.” मग त्यांनी सिस्टरचा हात धरला. “पण हा कागद मला काही करायचा अधिकार देत नाही हो. जो सांगायला तयार आहे त्यालाच तो पकडतो. मी भेटते त्यांना.”

भेटल्या. त्याने मॅडमना बसवून जेवायला वाढलं. अजून घ्या, अजून घ्या. मॅडम बाहेर आल्या त्या डोळे पुसतच.

रुग्णालयात नेलं, बहिणीच्या शब्दाखातर आला. तिथला डॉक्टर म्हणाला, पोटात काही दोष असेल, पुरुषांना ते दुसरं नसतं. तपासण्या लिहून दिल्या आणि प्रत्येक तपासणीला उपाशीपोटी यायला सांगितलं. इतका आज्ञाधारक पेशंट त्याला आयुष्यात मिळाला नसेल. सगळे रिपोर्ट ठीक आले. दुसरीकडे खास या आजाराचा विभाग होता, तिथे फोन केला. तो विभाग फक्त बायकांसाठी होता. फोनवरची बाई फार गोड बोलली, पेशंटला आमच्या शुभेच्छा सांगा म्हणाली. त्या दिवशी फोनवर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लांब उडीवालीला सिस्टरने त्याच्याकडे पाठवलं. पोरगी बिचारी कोठीत जाऊन उभी राहिली. “मामा, तो प्रश्न तुम्ही लिहिलात ना? मी वाचले त्याच्यामुळे.” तो म्हणाला, “बरं झालं, बाळा. नीट जेवत जा हां.” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच.

शेवटी सिस्टरने तिचं जुनं हत्यार काढलं, हट्ट. तू जेवशील तेव्हाच मी जेवेन. रोज तो तिच्यासाठी गरम सूप करून आणायचा, पाव भाजून आणायचा, समोर ठेवून हात जोडायचा, “ताई, खा गं, पाया पडतो.” ती तोंड फिरवायची. दोघं भावंडं दोन उपाशी पोटांनी एका ताटाच्या दोन बाजूंना बसलेली मी बघितली आहेत. हट्टाला कोण पुरे पडणार, दोघं एकाच आईची! मग एक दिवस दवाखान्यात गोळ्या देता देता तिला भोवळ आली. तो धावत आला. त्या संध्याकाळी तिच्यासमोर बसून तो पूर्ण ताट जेवला. घाम फुटला होता, पण जेवला. दुसऱ्या दिवशीही जेवला. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मला ती पहिल्यांदा सुंदर दिसली.

आठवडाही गेला नसेल, मावशींनी तिला बाजूला घेतलं. मेसमागच्या गटारीशी तो रोज जेवल्यावर जातो. घशात बोटं घालतो. आधी असं करायचा नाही हो सिस्टर, मावशी म्हणाल्या, आत्ताच करायला लागलाय.

“माझ्या हट्टाने त्याला ओकायला शिकवलं,” ती मला म्हणाली. त्यानंतर तिने त्याला जेवायचा आग्रह कधी केला नाही. रागवायचीही बंद झाली. भिंतीपलीकडून पोरांना झापल्याचे आवाज यायचे थांबले आणि कार्यालय ओकंबोकं झालं. पोरं सुट्टी मागायला यायची, ती न बघता सही करायची.

तो पडला तो दुपारच्या जेवणाला, सगळ्यांच्या देखत. भाताचं पातेलं उतरवताना गुडघ्यांत मोडला. भात फरशीभर झाला. गोळाफेकवाला पोरगा पुढे धावला, चौघे लागतील म्हणून बाकीच्यांना हाका मारत होता, आणि त्याने खाली वाकून उचललं तर एकट्याकडूनच उचललं गेलं. मामाला हातांवर घेऊन तो पोरगा तसाच उभा राहिला. त्याला पुढे चालायचं सुचेना.

या वेळी रुग्णालयातली डॉक्टर तरुण होती आणि तिला सगळं ठाऊक होतं. नाडी बघितली, स्वेटर कापून काढला आणि आम्हाला बाहेर बोलावून म्हणाली, उशीर झालाय, पण प्रयत्न करू. आणि एक गोष्ट कडक सांगितली. याला आता एकदम खायला द्यायचं नाही. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदय बंद पडतं. सलाइनमधून हळूहळू, आणि तोंडाने आम्ही मोजून देऊ तेवढंच, एक चमचासुद्धा जास्त नाही. सिस्टरने मान हलवली. तिला हे शिकवलेलं होतं. तिने स्वतः दुसऱ्यांच्या नातेवाइकांना हे सांगितलेलं होतं.

दोन दिवस तो गुंगीत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा त्याला शुद्ध होती. खिडकीतून ऊन त्याच्या हातावर पडलं होतं आणि सिस्टर वाटीतून पेज भरवत होती, ठरलेले चमचे. ते संपले. तिने वाटी बाजूला ठेवली.

“ताई,” तो म्हणाला, “भूक लागलीय.”

तिला ते नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तिने त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

“भूक लागलीय गं. अजून दे.”

“तुला भूक लागली?”

“नेहमीच लागायची. रोज लागायची.” त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. “आता नाही सहन होत. दे ना.”

वाटीत पेज होती. अर्धी वाटी उरली होती. सिस्टरने वाटीकडे बघितलं, मग मॉनिटरकडे बघितलं. मी तिथे उभी होते, मला सगळं दिसत होतं, आणि मला वाटत होतं, दे गं, दे त्याला, एक चमचा तर मागतोय.

“नाही सोन्या,” ती म्हणाली. “आत्ता नाही देता येत.”

“एकच.”

“नाही रे राजा. उद्या देईन. उद्या जास्त देईन.”

“नक्की?”

“नक्की.”

त्याने लहान मुलासारखे ओठ मिटले आणि मान वळवली. ती वाटी घेऊन बाहेर आली आणि मोरीत ओतून आली. समोर राहिली असती तर दिली असती, म्हणाली.

सकाळी नाश्त्याची गाडी वॉर्डात यायच्या आधी त्याचं हृदय थांबलं. डॉक्टरने खूप प्रयत्न केले. मी पोचले तेव्हा सिस्टर बाहेर बाकावर बसली होती. मी शेजारी बसले.

“सगळा जन्म मी त्याच्या मागे ताट घेऊन फिरले,” मग ती म्हणाली. “एकदाच त्याने आपण होऊन मागितलं. आणि मी नाही म्हटलं.”

“तू बरोबर केलंस,” मी म्हटलं. “डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तू दिलं असतंस तर तेव्हाच...”

“हो गं,” ती म्हणाली. “बरोबरच केलं मी. आता त्याचं काय करू, ते सांग.”